एकेचाळीसपैकी चाळीस

हिपॅटायटिस बीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण बारूख ब्लमबर्गपाशी सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात आढळलेले अनोळखी प्रथिन, त्याला मिळालेले ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ हे नाव, १९७६चे नोबेल. कथा रंजक आहे आणि खरीही. मात्र या विषाणूमुळे यकृताचा कर्करोग होतो, हे तिने सिद्ध होत नाही. त्याचा भक्कम पुरावा उभा राहिला तो तैवानच्या सरकारी नोंदवह्यांतून, आणि लोकप्रिय इतिहासाने त्याचे श्रेय फार हात आखडून दिले आहे.

शंका आधीपासून होती. आफ्रिका व पूर्व आशियात जिथे विषाणूचा प्रसार मोठा, तिथेच हा कर्करोगही अधिक. पण आधी काय आले? आजारी यकृतात विषाणू मागाहून शिरला असेल, हा आक्षेप रुग्णांचे रक्त कितीही तपासले तरी खोडता येत नव्हता. निरोगी माणसांचे रक्त आधी तपासायचे आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहायची, हाच मार्ग उरत होता.

अमेरिकी वैद्य पामर बीस्ली, लू-यू ह्वांग आणि त्यांचे सहकारी यांनी १९७५पासून तेच केले. त्यांनी २२,७०७ पुरुष निवडले, ते सरकारी नोकरांतून. निवड रुक्ष वाटेल, पण खरी मेख तिथेच आहे: सरकारी विम्यामुळे कोण कशाने दगावला, याचा माग काढता येत असे. १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. रक्तात विषाणू वागवणारे ३,४५४. यकृताचा कर्करोग झालेले ४१. त्यांतील ४० याच वाहकांपैकी. धोका २२३ पट! धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचे बहुचर्चित नातेही या आकड्यापुढे फिके पडते.

हे घडते कसे? विषाणू यकृतपेशींना सहसा थेट मारत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच बाधित पेशींवर तुटून पडते. दशकानुदशके पेशी मरतात, नव्या जन्मतात, आणि प्रत्येक विभाजनात जनुकीय चुकीला वाव मिळतो. शिवाय विषाणूच्या डीएनएचे तुकडे पेशीच्या डीएनएत घुसून बसतात. म्हणूनच सिऱ्हॉसिस नसतानाही कर्करोग उद्भवू शकतो. जन्मावेळी आईकडून लागण झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ अर्भकांत विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो. प्रौढांत असे क्वचितच होते.

तैवानने १९८४मध्ये वाहक मातांच्या नवजात बालकांना आणि १९८६पासून सर्वच नवजातांना लस देण्यास आरंभ केला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण १९८१–८६मध्ये लाखामागे ०.७० होते, १९९०–९४मध्ये ते ०.३६ झाले. ‘कर्करोग रोखणारी पहिली लस’ हे बिरुद तिला शोभते ते या आकड्यांमुळे.

भारताच्या राष्ट्रीय लसीकरणात ती देशभर पोहोचली २०११ साली. आज विशीत असलेल्या अनेकांच्या लसीकरण कार्डावर तिची नोंदच नाही.