पडद्याचा आजार आणि घरातली माणसे

प्रति,
मा. सचिव,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : रेटिनायटिस पिगमेंटोसा झालेल्या व्यक्तींच्या कुटुंबीयांना निदानाच्या दिवसापासून मार्गदर्शन मिळण्याबाबत



डिसेंबर २०२२मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. त्यामुळे आरोग्य आणि समाजकल्याण या दोन खात्यांच्या मधल्या फटीत वर्षानुवर्षे पडून राहिलेला एक प्रश्न या विभागापुढे मांडणे उचित आहे.

रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्यांच्या पडद्याचा, म्हणजे दृष्टिपटलाचा, आनुवंशिक आजार असून त्यात अंधुक उजेडात पाहण्याचे काम करणाऱ्या दंडपेशी आधी निकामी होतात, तर रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशींची हानी पुढे, बहुधा कित्येक वर्षांनी, होते. म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते, मग दृष्टिक्षेत्र कडांकडून आकसत जाते आणि अखेरीस समोरचे दिसणेही मंदावते. जगात साधारणपणे ४,००० व्यक्तींमागे एकाला हा आजार असतो असे मानले जाते. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढील व्यक्तींच्या पाहणीत मात्र हे प्रमाण सुमारे ७५० मागे एक इतके आढळले.

घरातला गैरसमज आजाराच्या या स्वरूपातूनच जन्म घेतो. जो मुलगा सकाळी वर्तमानपत्रातील बारीक अक्षर सहज वाचतो तोच संध्याकाळी मोरीपाशी ठेवलेल्या बादलीला अडखळतो, आणि ‘बघून चालता येत नाही का?’ हा प्रश्न त्याला रोज ऐकावा लागतो. मधली दृष्टी शाबूत असल्यामुळे अक्षरतक्त्यावर त्याची नजर ६/६ किंवा ६/९ भरू शकते; आकसलेले क्षेत्र कळण्यासाठी पेरिमेट्री ही वेगळी तपासणी लागते. रातांधळेपणा म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता, ही सार्वजनिक आरोग्याच्या प्रचाराने रुजवलेली आणि एरवी उपयुक्त असलेली समजूत येथे आड येते व गाजर, पालेभाज्या आणि औषधाचे डोस यांत मोलाचा काळ निघून जातो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने १० अंशांहून कमी दृष्टिक्षेत्राला अंधत्व आणि ४० अंशांहून कमी ते १० अंशांपर्यंतच्या क्षेत्राला अल्पदृष्टी मानले आहे. तरीही एका हातात पांढरी काठी आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन संदेश वाचणाऱ्या माणसाला लोकलच्या दिव्यांग डब्यात ढोंगी ठरवले जाते, आणि कित्येकदा असा संशय घेणाऱ्यांत त्याचे स्वतःचे नातेवाईकही असतात.

निदान झाल्यावर डॉक्टरांच्या खोलीतील बोलणे बहुधा ‘यावर इलाज नाही’ येथे संपते. हे विधान स्थूलमानाने खरे असले तरी अपुरे आहे, कारण या आजारासोबत उद्भवणारा मोतीबिंदू आणि पडद्याच्या मध्यभागी येणारी सूज यांवर उपचार होऊ शकतात व त्यासाठी नियमित तपासणी चालू राहावी लागते. अमेरिकेत डिसेंबर २०१७मध्ये मान्यता मिळालेली जनुकोपचार पद्धती केवळ आरपीई६५ या एका जनुकातील दोषासाठी आहे, तर या आजाराशी निगडित जनुके ८० हून अधिक आहेत. एवढे जरी कुटुंबाला कोणी समजावून सांगितले, तरी खात्रीशीर इलाजाच्या जाहिरातींपायी होणारी धूळधाण पुष्कळशी टळेल.

त्याच बैठकीत आनुवंशिकतेविषयीही बोलले गेले पाहिजे. आजाराच्या एका प्रकारात सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावे लागते, आणि नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते. दुसऱ्या प्रकारात ते एक्स गुणसूत्रावर असल्याने स्वतः फारसा त्रास नसलेल्या आईकडून मुलाकडे जाते. तिसऱ्यात आईवडिलांपैकी एकाकडून आले तरी पुरते. हे शास्त्र न सांगितल्यास घरात सारा दोष सुनेच्या माहेरावर ढकलला जातो आणि बहिणीचे लग्न मोडेल या धास्तीने धाकट्या भावंडांची तपासणीच होत नाही. जनुक कोणाकडून आले हे कळणे उपयोगाचे आहे. त्यावरून कोणाला अपराधी ठरवणे क्रूर आहे.

घरच्या माणसांना शिकवण्यासारख्या गोष्टी दिसायला अगदी साध्या आहेत. सोबत चालताना मनगट धरून ओढायचे नसते. कमी दिसणाऱ्या व्यक्तीने सोबत्याचा हात कोपराच्या किंचित वर धरायचा आणि सोबत्याने अर्धे पाऊल पुढे चालायचे, म्हणजे पायरी आली की ती हाताच्या हालचालीवरूनच कळते. दार पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद असावे, कारण अर्धवट उघड्या दाराची कड कपाळावर बसते. पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा द्यावा, पांढरा भात गडद रंगाच्या ताटलीत वाढावा, वस्तूंची जागा न सांगता बदलू नये. हे सारे करताना त्या व्यक्तीच्या हातून काम काढून घेण्याचा मोह आवरणे सर्वांत अवघड जाते, आणि तेथेच प्रशिक्षित समुपदेशकाची खरी गरज असते.

म्हणून विभागाने आरोग्य खात्याच्या सहकार्याने प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात पेरिमेट्रीची सोय आणि आठवड्यातून किमान एक दिवस समुपदेशक व काठीचे प्रशिक्षण देणारा शिक्षक उपलब्ध करावा, आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राला लागणारी टक्केवारी भरण्याची वाट न पाहता निदान झालेल्या प्रत्येक कुटुंबाला तेथे पाठवले जावे, ही विनंती आहे. तसेच सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही, आणि जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर न्यावे लागते, ही अधिनियमाच्या कलम २०(४) मधील तरतूद सर्व कार्यालयांना परिपत्रकाने पुन्हा कळवावी. नोकरी जाईल या भीतीने आजार लपवणारे लोक आजही रात्रपाळी करत आहेत आणि अंधारात दुचाकी चालवत घरी परतत आहेत.

योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर.