भूतदयेस विवेकाची जोड

वटवाघळाचें नांव काढतांच आपल्याकडे पुष्कळांच्या कपाळास आठी पडते. परंतु ऑस्ट्रेलियांत या प्राण्याची आईच्या मायेनें शुश्रूषा करणारीं माणसें गांवोगांवीं आहेत. कांटेरी तारेंत पंख फाटलेलें, फळझाडांवरील जाळ्यांत गुरफटलेलें, अथवा आई विजेच्या तारेवर मेल्यामुळें पोरकें झालेलें पिलूं तीं घरीं नेतात, फडक्यांत गुंडाळून बाटलीनें दूध पाजतात, आणि उडूं लागलें म्हणजे पुन्हां रानांत सोडतात. या निरपेक्ष सेवेचें कौतुक करावें तेवढें थोडेंच.

मात्र या सेवेची दुसरी बाजूहि वाचकांनीं जाणून घ्यावी. सन १९९६ मध्यें न्यू साउथ वेल्समधील बॅलिना गांवाकडील एका फलाहारी वटवाघळांत एक नवा विषाणु आढळला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशानें होणारा जो जलसंत्रास, त्याच्या विषाणूचा हा जवळचा भाऊबंद होय. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत क्वीन्सलँडमधील रॉकहॅम्प्टन येथें वटवाघळें सांभाळणारी एक स्त्री या रोगानें मरण पावली. सन १९९८ मध्यें दुसरी एक स्त्री दगावली. तिला वटवाघूळ चावल्यास दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता! पुढें २०१३ सालीं एक बालक व २०२५ सालीं एक गृहस्थ, असे एकंदर चौघे गेले. लक्षणें उमटल्यावर त्यांपैकीं कोणीहि वांचलें नाहीं.

रानांतील शंभर वटवाघळांत एकादेंहि या विषाणूनें ग्रस्त नसतें. परंतु जीं आजारी वा जखमी होऊन जमिनीवर पडतात, त्यांत हें प्रमाण बरेंच अधिक असतें. आणि सेवकाच्या हातीं येतात तीं नेमकीं हींच. म्हणजे जो अधिक दयाळू, त्यालाच धोका अधिक!

सुदैवानें उपाय हातचा आहे. जलसंत्रासाची लसच येथेंहि उपयोगी पडते. म्हणून ती आधींच टोंचून घेतलेल्या व शिक्षण मिळालेल्या माणसांनींच वटवाघळास हात लावावा, असा तेथें दंडक आहे. तरीहि दंश झाला किंवा नख लागलें, तर जखम साबण व पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं वैद्यकीय सल्ला घ्यावा. ओरखडा किती बारीक, याचा विचार करीत बसूं नये. दंश, ओरखडा अथवा लाळेचा जखमेशीं किंवा डोळ्यातोंडाशीं संपर्क, हाच रोगाचा मार्ग आहे. वटवाघळांच्या झाडाखालून गेल्यानें तो होत नाहीं; तेव्हां फुलांचे पराग व फळांच्या बिया दूरवर नेणाऱ्या या उपकारी जीवाचा द्वेष करण्याचें कारण नाहीं.

सिडनी, मेलबर्न येथें आपल्यांतील अनेक कुटुंबें आज नांदत आहेत. त्यांनीं मुलांना एवढेंच शिकवावें कीं, अंगणांत पडलेलें वटवाघूळ दिसलें तर त्यास शिवूं नये, मारूंहि नये. जाणत्या सेवकास बोलवावें. स्वतःचा जीव राखून केलेली दयाच दीर्घकाळ टिकते.