‘ॲट्रॉसिटी’ कोणी केली?

वाचकहो, एका शब्दाच्या दुरुपयोगाकडे आपले लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. तो शब्द म्हणजे ‘ॲट्रॉसिटी’. त्याचा अर्थ अत्याचार. अस्पृश्यता पाळणे हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरला होता. परंतु तेवढ्याने भागेना, म्हणून संसदेने १९८९ साली अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम केला व तो ३० जानेवारी १९९० पासून अमलात आला. या कायद्यात अत्याचार करणारा तो आरोपी आणि तो सोसणारा तो फिर्यादी, हे सूर्यप्रकाशाइतके स्पष्ट आहे.

परंतु चावडीवर आणि कचेरीत काय ऐकू येते? ‘त्याने आमच्यावर ॲट्रॉसिटी केली!’ ज्याच्या वस्तीवर दगड पडले, ज्याला जातीवरून चारचौघांत शिवीगाळ झाली, तो पोलीस ठाण्याची पायरी चढताच अत्याचार करणारा ठरतो. आणि ज्याने दगड मारला तो बिचारा पीडित होतो! कोणी म्हणेल, हे कायद्याचे संक्षिप्त नाव आहे, यात एवढे रागावण्यासारखे काय? आमचा प्रश्न असा की, हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद देणाऱ्या मुलीने ‘हुंडा घेतला’ असे कोणी म्हणते काय? चोरीची वर्दी देणाऱ्याने ‘चोरी केली’ असे म्हणतात काय? मग याच एका कायद्याच्या बाबतीत वाक्याचा कर्ता का बदलतो? संक्षेप करताना नेमका ‘प्रतिबंध’ का गळून पडतो?

याच शब्दाचे दुसरे भावंड म्हणजे ‘खोटी ॲट्रॉसिटी’. आरोपी सुटला की फिर्याद खोटी, असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब कायद्यास ठाऊक नाही. साक्षीदार फितूर होतात, तपास रेंगाळतो, संशयाचा फायदा दिला जातो. २००६ साली खैरलांजीत एकाच कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली आठ जण खुनासाठी दोषी ठरले. परंतु अत्याचार प्रतिबंध कायद्याखालील आरोप मात्र शाबीत मानले गेले नाहीत. म्हणून ते चार मृत्यू खोटे होते काय? फिर्याद जाणूनबुजून खोटी दिली असेल, तर भारतीय न्याय संहितेत २१७ आणि २४८ ही कलमे आहेत. ‘खोटी, खोटी’ म्हणून ओरडणाऱ्यांनी ती खुशाल वापरावीत. पुरावा न देता ओरडणे हा न्याय नव्हे, ती बदनामी होय.

२० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गैरवापराच्या याच भीतीने या कायद्याखालील अटकेवर पूर्वमंजुरीचे आणि गुन्हा नोंदण्याआधी प्राथमिक चौकशीचे निर्देश दिले. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ घालून ती अट दूर केली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने स्वतःच ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी नवे कलम वैध ठरविले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने आपला शब्द फिरविला. चावडी मात्र आपला शब्द सोडावयास तयार नाही.

आणि खेदाची गोष्ट ही की, आपलीही माणसे वकिलाकडे येऊन ‘साहेब, आम्ही ॲट्रॉसिटी केली’ असे सांगतात. बंधू-भगिनींनो, हा कबुलीजबाब आहे, आणि तोही न केलेल्या गुन्ह्याचा! ज्या वाक्यात आपण स्वतःलाच आरोपी करतो, ते वाक्य दुसऱ्याने उच्चारले तर त्यास दोष कसा द्यावा?

म्हणून आजपासून एवढे करा. ‘आमच्यावर अत्याचार झाला, आम्ही फिर्याद दिली,’ असे म्हणा. अर्जात तसे लिहा, सभेत तसे बोला, मुलांस तसे शिकवा. समोरचा चुकीचे बोलला तर तेथल्या तेथे त्याला थांबवा आणि विचारा: अत्याचार कोणी केला?