पहिला पसंतीक्रम भीतीने भरू नका : कन्नडची मुले, कॅप फेरी आणि खाटेचा प्रश्न

सीईटीचा निकाल लागला की कन्नडमध्ये आमच्याकडे मुलामुलींची ये-जा सुरू होते. आम्ही कोणी मोठे तज्ज्ञ नाही. एक-दोन शिक्षक, एक निवृत्त कर्मचारी, दोघे-तिघे स्वतः याच प्रक्रियेतून इंजिनिअर झालेले. विहारात लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन बसतो आणि प्रवेशाचे ऑप्शन फॉर्म भरायला मदत करतो. चार-पाच हंगाम हे काम केल्यावर एक गोष्ट आमच्या लक्षात आली आहे. आपल्या मुलांना नकार बहुतेक वेळा महाविद्यालय देत नाही. तो ती स्वतःच, फॉर्मच्या पहिल्या ओळीत, स्वतःला देऊन टाकतात.

गेल्या हंगामात पिशोरकडची एक मुलगी वडिलांबरोबर आली. गुण चांगले होते. आधीच्या वर्षीचे कट-ऑफ काढून पाहिले, तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात तिला जागा मिळण्यासारखी होती. पुण्याचेही एखादे चांगले महाविद्यालय आवाक्यात होते. पण तिने मोबाइलवर भरलेल्या कच्च्या यादीत पहिल्या क्रमांकावर एक साधे खासगी महाविद्यालय होते. शासकीय महाविद्यालय चौथ्या क्रमांकावर. का, म्हणून विचारले तर म्हणाली, "ते नक्की मिळेल ना, सर."

हे वाक्य आम्ही दरवर्षी ऐकतो, म्हणून आधी नियम काय आहे ते सांगतो.

कॅपमध्ये जागावाटप गुणवत्ता यादीच्या क्रमाने होते. तुमचा नंबर आला की संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि त्या वेळी शिल्लक असलेली, तुमच्या यादीतली सगळ्यात वरची जागा देतो. अवघड महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले म्हणून खालच्या महाविद्यालयातला तुमचा हक्क जात नाही. पहिले नाही मिळाले तर दुसरे, दुसरे नाही तर तिसरे. "वरचे लिहिले आणि ते हुकले तर खालचेही जाईल" हा समज खोटा आहे, तरी तो गावोगाव फिरतो आहे.

उलट बाजू मात्र खरी आहे. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात चार फेऱ्या झाल्या आणि जागा गोठवण्याचा नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला की तो आपोआप 'फ्रीज'. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही मिळाले की फ्रीज, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. एकदा फ्रीज झाले की पुढच्या फेरीचे दार बंद. तिथे प्रवेश घ्या, नाहीतर कॅपच्या बाहेर पडा. म्हणजे "नक्की मिळणारे" महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिणाऱ्या मुलीला ते पहिल्याच फेरीत मिळते, आणि चौथ्या क्रमांकाच्या शासकीय महाविद्यालयाकडे संगणक पाहतसुद्धा नाही. नियमाचा फटका मोठे स्वप्न लिहिणाऱ्याला बसत नाही, भिऊन लिहिणाऱ्याला बसतो.

अकरावीलाही आता तेच. २०२५ पर्यंत ऑनलाइन प्रवेश मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरता होता. २०२५ मध्ये तो राज्यभर लागू झाला आणि कन्नड तालुक्यातल्या दहावीच्या मुलांना पहिल्यांदाच दहापर्यंत पसंतीक्रम भरावे लागले. म्हणजे पहिला पसंतीक्रम बांधून टाकतो हा धडा पंधरा-सोळा वर्षांच्या वयातच घ्यावा लागणार. नियम दरवर्षी थोडे बदलतात; त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावर जाऊ नका, आमच्याही नाही.

इथपर्यंत प्रश्न माहितीचा होता आणि तो दहा मिनिटांत सुटला. मुलगी यादी बदलायला तयार झाली. वडील मात्र गप्प होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "तिथं राहायची सोय काय?"

खरा प्रश्न हाच आहे. शैक्षणिक शुल्काची भीती आपल्या घरांमध्ये अजून आहे, पण कॅपमधून प्रवेश घेतलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर फ्रीशिप आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही शिष्यवृत्ती मिळत नाही, हे लक्षात ठेवा; "इथे आत्ताच घ्या, नंतर बघू" म्हणणाऱ्या एजंटांपासून त्यासाठीच सावध राहायचे. फीचा मार्ग असा निघतो. अडते ते खाट आणि दोन वेळचे जेवण यावर. कन्नड ते संभाजीनगर साठेक किलोमीटर. वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद करत जाणारी एसटी, महिलांना अर्धे तिकीट. तरी रोज जाऊन-येऊन इंजिनिअरिंगचे प्रॅक्टिकल आणि सबमिशन होत नाहीत. करून पाहिलेली मुले आमच्या ओळखीची आहेत. दुसऱ्या सेमिस्टरला त्यांचे विषय राहतात.

शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर त्याला पर्याय म्हणून २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये. संभाजीनगरसारख्या शहरात ५१,०००, त्यात २८,००० भोजनाचे, १५,००० निवासाचे आणि ८,००० निर्वाहाचे. योजना चांगली आहे, ती मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी विद्यार्थी संघटनांनी आंदोलने केली आहेत. पण १५,००० म्हणजे महिन्याला साडेबाराशे रुपये. एवढ्यात संभाजीनगरात कोणती खोली मिळते, ते ज्यांनी रक्कम ठरवली त्यांनी एकदा शोधून पाहावे.

त्याहून मोठी अडचण वेळेची. कॅपमध्ये जागा मिळाली की ती स्वीकारायला मोजके दिवस असतात. वसतिगृहाची यादी त्यानंतर लागते. स्वाधारचा अर्ज त्याच्याही नंतर, आणि पैसे खात्यात यायला कित्येक महिने. म्हणजे ज्या दिवशी बापाला 'हो' किंवा 'नाही' म्हणायचे असते त्या दिवशी त्याच्या हातात वसतिगृहाचे पत्र नसते, स्वाधारचे नसते, असतो फक्त डिपॉझिट मागणारा खोलीमालक. मग तो जवळचे महाविद्यालय निवडतो आणि आपण म्हणतो, समाजात जिद्द उरली नाही. जिद्दीचा इथे संबंध काय?

बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५० साली मिलिंद महाविद्यालय काढले तेव्हा मराठवाड्यात पदवीच्या शिक्षणाची जवळजवळ सोयच नव्हती. नागसेनवनात वर्गखोल्यांबरोबर वसतिगृहेही उभी राहिली. खेड्यातून येणाऱ्या मुलाला प्रवेश द्यायचा म्हणजे निजायला जागाही द्यायची, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. स्वतः त्यांना १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते. १९२० मध्ये पैसे जमवून ते पुन्हा गेले. पैसा वेळेवर नसेल तर गुणवत्तेचे काय होते, हे त्यांनी भोगले होते.

शंभर वर्षांनंतरही चित्र फार वेगळे नाही. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीसाठी १०६ विद्यार्थी निवडले गेले. पत्रे मात्र आधी ४० जणांनाच मिळाली. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाला तर देऊ, असे कळवले गेले. परदेशी विद्यापीठाचे ऑफर लेटर हातात, ते स्वीकारायची तारीख जवळ, आणि शिष्यवृत्ती 'उपलब्ध झाल्यास'. पिशोरच्या बापाची आणि त्या ६६ जणांची अडचण एकाच जातीची आहे.

आता कागदांचे. जात वैधता प्रमाणपत्र बारावीच्या निकालानंतर मिळवायला धावू नका. अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत अर्ज करा. मुदतीत ते सादर झाले नाही तर राखीव जागेचा दावा जातो. दुसरे, ज्यांना एनआयटी किंवा केंद्रीय विद्यापीठात जायचे आहे त्यांना केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. आपल्या अनेक घरांत शाळेच्या दाखल्यावर फक्त 'बौद्ध' लिहिलेले आहे. ते अभिमानाने लिहिले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला तो मूळ जातीच्या नोंदीवरून. प्रमाणपत्रावर मूळ जात आणि बौद्ध धम्म स्वीकारल्याचा उल्लेख दोन्ही लागतात. आजोबांच्या शाळेचा जुना दाखला त्यासाठी शोधावा लागतो. जी जात आपण टाकली तिचा कागद पेटीतून काढायचा, हे काहींना टोचते. आम्हालाही टोचते. तरी काढा.

कार्यकर्त्यांशीही थोडे बोलायचे आहे. "पुण्याला गेला की पोरगा चळवळ विसरतो" असे आपल्यातलेच काही जण पालकांसमोर बोलतात. कृपा करून बोलू नका. त्याऐवजी दोन मागण्या घेऊन जिल्ह्याला चला. वसतिगृहाची पहिली यादी कॅपच्या पहिल्या फेरीच्या आत लागली पाहिजे, आणि स्वाधारचा पहिला हप्ता प्रवेश निश्चित झाल्यावर तीस दिवसांत मिळाला पाहिजे. शिवाय संभाजीनगरात नोकरी करणारी कन्नड तालुक्यातली आपली कितीतरी कुटुंबे आहेत. पहिले तीन महिने एका मुलीला घरात ठेवून घेणे हे जयंतीच्या वर्गणीपेक्षा अवघड आहे, मान्य. पण त्या तीन महिन्यांवरच चार वर्षे अडून बसतात.

पिशोरच्या मुलीने शेवटी शासकीय महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले. पहिल्या फेरीत तिला दुसऱ्या क्रमांकाची जागा मिळाली; ती तिने धरून ठेवली, गोठवली नाही, आणि दुसऱ्या फेरीत पहिला क्रमांक मिळाला. ऑक्टोबरपर्यंत ती आमच्यातल्या एकाच्या बहिणीकडे राहिली.

प्रवेशाच्या हंगामात दर रविवारी आम्ही विहारात असतो. येताना गुणपत्रिका, जातीचे आणि उत्पन्नाचे प्रमाणपत्र, वैधता किंवा तिच्या अर्जाची पावती आणा. आणि आई किंवा वडिलांना सोबत आणा, कारण अर्धी यादी त्यांच्याशी बोलूनच बदलावी लागते.