पहिल्या भेटीचा चहा

२०२४ च्या उन्हाळ्यात एका शनिवारी माझा भाचा आईला म्हणाला, "मित्राचा वाढदिवस आहे, उशीर होईल." वाढदिवस कुणाचाच नव्हता. मोबाइलवरच्या एका डेटिंग ॲपवर ओळख झालेल्या मुलीला तो पहिल्यांदाच भेटायला निघाला होता. जागा तिने सुचवलेली. तिथे गेल्यावर तिने भराभर पेये मागवली, मग "घरून फोन आलाय" म्हणून उठून गेली ती परत आलीच नाही. याच्यापुढे अठरा हजारांचे बिल आले आणि दाराशी दोन धिप्पाड गडी! भाच्याने मुकाट्याने कार्ड काढले आणि शेवटच्या लोकलने डोंबिवली गाठली. त्याच वर्षी दिल्ली-मुंबईत अशाच ठरवून केलेल्या फसवणुकीच्या तक्रारी पोलिसांकडे गेल्या, वर्तमानपत्रांत छापून आल्या, तेव्हा कुठे त्याने घरात तोंड उघडले. मधले तीन महिने तो एकटाच कुढत होता.

माझी बहीण रडली, पण पैशांसाठी नाही. "मला खोटं का सांगितलं रे त्यानं?" एवढेच ती विचारत राहिली. मी तिला उलट विचारले, "खरं सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?" मुलगी कोणाची, आडनाव काय, पगार किती, पुढे काय ठरले, अशी सरबत्ती झाली असती, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही. नुसत्या चहाला निघालेल्या मुलाच्या मागे आपण वऱ्हाड उभे करतो. मग मुले वाढदिवस शोधतात.

अमेरिकेत 'मॅच डॉट कॉम' १९९५ मध्ये सुरू झाले, 'टिंडर' २०१२ मध्ये आले. म्हणजे हा प्रकार काही कालचा नाही. आपल्या घरांतली मुलेमुली, आणि घटस्फोटित किंवा जोडीदार गमावलेली चाळिशी-पन्नाशीतली माणसेही, या वाटेने एकमेकांना भेटू लागली आहेत. ही वाट चांगली की वाईट, यावर वाद घालण्यात मला फारसे स्वारस्य नाही. पहिली भेट लहान, हलकी आणि घरात सांगता येण्याजोगी कशी होईल, एवढाच माझा प्रश्न आहे.

आमच्या वेळी भेटीत हलके असे काही नसायचेच. १९८१ साली मी दादरला मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्या खोलीत मोजून अकरा माणसे होती. पोह्यांची बशी हातात धरून मी धीर केला आणि विचारले, "आवड कसली?" ती म्हणाली, "वाचनाची." मी म्हणालो, "हो का! छान." झाले! तेवढ्यात माझ्या काकूने पुरणपोळीचा विषय काढला. लग्नानंतर सौभाग्यवतींच्या ट्रंकेतून बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा गठ्ठा निघाला, तेव्हा मी थक्क झालो. त्यांचा मीही भक्त! त्या दिवशी "काय वाचता?" एवढे दोन शब्द सुचले असते तर अकरा माणसांतही आम्ही दोघे पाच मिनिटे मजेत बोललो असतो.

गंमत अशी की हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये नेमके हेच दाखवून दिले. जी माणसे समोरच्याला जास्त प्रश्न विचारतात, ती त्याला अधिक आवडतात. त्यातही मिळालेल्या उत्तराचाच धागा धरून पुढचा प्रश्न विचारणारी जास्त. काही मिनिटांच्या ओळखभेटींच्या कार्यक्रमांची माहितीही त्यांनी तपासली. तिथे असे प्रश्न विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीचा होकार अधिक मिळाला होता.

भाच्याने मला त्याची ॲपवरची संभाषणे दाखवली (संकोचत का होईना, पण मामाला दाखवली). बहुतेकांची सुरुवात "हाय" आणि शेवट "जेवलीस का?" यावर काय बोलणार ती बिचारी! समोरच्या व्यक्तीने स्वतःबद्दल चार ओळी लिहिलेल्या असतात, त्या आधी नीट वाचाव्यात. एकीने लिहिले होते, 'ट्रेकिंग आवडते, राजमाची विशेष.' मी म्हटले, "विचार ना, लोणावळ्याकडून लांबच्या वाटेनं गेलीस की कोंदिवड्याकडून चढलीस?" ज्याने तो चढ चढलेला आहे त्याला या प्रश्नावर गप्प बसणे अवघड. शिवाय खरोखर गेलेली आहे की नुसता फोटो आहे, तेही कळते!

मराठीत आणखी एक पेच असतो, 'तू' म्हणायचे की 'तुम्ही'? इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही, म्हणूनही पुष्कळ मंडळी इंग्रजीचा आडोसा घेत असावीत. पंचविशीतली मुले सरळ 'तू'वर येतात, त्यात गैर काही नाही. पन्नाशीतल्यांनी मात्र 'तुम्ही'ने सुरुवात करावी आणि "अरेतुरे चालेल का?" असे विचारावे. तो प्रश्नही बोलण्याला निमित्त होतो.

आता भेटीची जागा. पहिल्याच दिवशी मोठ्या हॉटेलात जेवणाचा घाट कशाला? समोरासमोर दोन तास बसायचे, विषय संपले तरी उठता येत नाही, आणि बिल कोणी द्यायचे यावरून शेवटी अवघडलेपण. त्यापेक्षा दिवसाउजेडी, चार माणसे असतात अशा ठिकाणी पाऊण तासाचा चहा बरा. आपापला खर्च आपण करावा, येणेजाणेही आपापले. किती वेळ थांबणार ते आधीच सांगून टाकावे. आवडले तर वाढवता येतेच. त्याहून उत्तम म्हणजे एकमेकांकडे टक लावून न बसता दोघांना मिळून काहीतरी पाहता येईल अशी जागा. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी आहे, राणीची बाग आहे. पुण्यात केळकर संग्रहालय आहे. तिथले अडकित्ते पाहताना कुणाला ना कुणाला आजीचा पानाचा डबा आठवतोच, मग विषय शोधावा लागत नाही. जागा अनोळखी असेल आणि समोरची व्यक्ती तिचाच हट्ट धरत असेल, तर जाऊ नये. भेटीआधीच पैसे मागणाऱ्याशी संबंध तोडावा. कुणी पैसे लुबाडलेच तर १९३० हा सायबर गुन्ह्यांसाठीचा क्रमांक लगेच फिरवावा, तीन महिन्यांनी नव्हे.

आणि घरच्यांनी? कांदेपोह्यांच्या पद्धतीवर मी कितीही हसलो तरी तिच्यात एक गोष्ट चांगली होती. आपण कुठे आहोत हे घरच्यांना ठाऊक असायचे. ते तेवढे ठेवू या आणि बाकीची दहा माणसे घरी बसू देत. कुठे, कोणाबरोबर आणि कितीपर्यंत, एवढे विचारावे. व्हॉट्सॲपवरून तासाभरापुरते आपले ठिकाण कळवता येते, ते कळवायला सांगावे. परत आल्यावर लगेच "मग? कशी वाटली?" हा प्रश्न टाळावा. एका चहावर उत्तर द्यायला तो काही आंब्याची पेटी बघायला गेलेला नसतो. मुलींच्या बाबतीत तर हा संयम दुप्पट हवा. भावाला दोनच प्रश्न आणि बहिणीला वीस, असे झाले तर ती एकाचेही खरे उत्तर देणार नाही.

बहिणीला हे पटायला वेळ लागला. गेल्या महिन्यात भाच्याने तिला सांगितले, "शनिवारी सकाळी राणीच्या बागेत जातोय. एकीला भेटायचंय. बारापर्यंत निघू." ती "बरं" म्हणाली आणि त्याला छत्री दिली. तो परतला तेव्हा तिने फक्त विचारले, "पेंग्विन बघितलेस?"

"कसले पेंग्विन, केवढी रांग होती! आम्ही पाणघोड्याजवळच बसलो. तो पाण्यातून डोकंच वर काढेना. एक वाजला."

रात्री दहाला बहिणीचा मला फोन. आवाज अगदी दबका.

"दादा, बारा म्हणाला होता, एक वाजला म्हणतोय. नाव तरी विचारू का रे?"

"आज नको," मी म्हणालो.