सैल दोरीचा प्रश्न

खिडकीच्या पडद्याची दोरी ताणून धरणारे साधन हे घरातील सर्वांत दुर्लक्षित यंत्रांपैकी एक असले, तरी गेल्या दीडशे वर्षांत त्याच्या कार्यात झालेला बदल मोठा आहे. ज्या पडद्यांच्या संदर्भात हे साधन निर्माण झाले ते गुंडाळीचे पडदे, म्हणजे आजच्या बोलीतील रोलर ब्लाइंड, होत. खिडकीच्या माथ्यावर एक आडवा दांडा बसवलेला असतो, कापड त्याच्याभोवती गुंडाळले जाते आणि दांड्याच्या एका टोकाला खाच असलेली कप्पी असते. या कप्पीवरून एक दोरी खाली सोडून तिची दोन्ही टोके जोडली की अखंड फेरा तयार होतो. त्याची एक बाजू ओढली असता कापड वर जाते आणि दुसरी ओढली असता खाली येते. हा फेरा खालच्या बाजूला दुसऱ्या एका लहान कप्पीत अडकवून ताणून धरणे हे ताणकाचे काम.

दोरीला ताण कशासाठी लागतो याचे उत्तर घर्षणात आहे. कप्पी आणि दोरी यांना दाते नसतात. दोरी खाचेत घट्ट दाबलेली असते म्हणूनच ती कप्पीला फिरवू शकते किंवा फिरण्यापासून रोखू शकते. अठराव्या शतकात गणिती लेओनार्ड ऑयलर यांनी दाखवून दिले की गोल पृष्ठभागावरून गेलेल्या दोरीच्या घट्ट बाजूचा ताण हा सैल बाजूच्या ताणाच्या ठरावीक पटीपर्यंतच वाढू शकतो, आणि ही पट दोरीने घातलेल्या वेढ्यावर व घर्षणाच्या प्रमाणावर अवलंबून असते. अर्धा वेढा आणि 0.3 इतका घर्षणांक धरला, तर ती पट साधारण अडीच येते. याचा व्यावहारिक अर्थ असा की सैल बाजूला ताणच नसेल, तर अडीचपट केल्यावरही हाती शून्यच उरते. पिठाच्या गिरणीचा पट्टा ढिला पडला की मोटर फिरत राहते आणि जाते मात्र जागचे हलत नाही, तेच येथे घडते: माणूस दोरी ओढतो, दोरी कप्पीवरून घसरते आणि पडदा अर्ध्यावर अडून राहतो, किंवा कापडाच्या व खालच्या पट्टीच्या वजनाने आपोआप उलगडत खाली येतो.

दोरी सैल होण्याची कारणेही तिच्या धाग्यातच दडलेली होती. कृत्रिम धागे येण्यापूर्वी या दोऱ्या सुताच्या किंवा तागासारख्या वनस्पतिजन्य तंतूंच्या, पीळ देऊन वळलेल्या असत. असा तंतू दमट हवेत पाणी शोषून जाडीने फुगतो आणि पीळ दिलेल्या दोरीत फुगलेल्या तंतूंना वळसा घालण्यासाठी अधिक लांबी खर्ची पडते, म्हणून दोरी आखडते. कोरड्या हवेत तंतू पुन्हा बारीक होतात आणि दोरी लांबते. पावसाळ्यात भिजलेल्या सुती दोरीची गाठ सुटता सुटत नाही, त्यामागे हेच कारण आहे. शिवाय रोजच्या ओढाताणीने दोरीत जी कायमची वाढ होते ती ऋतू बदलला तरी भरून येत नाही. म्हणजे नेमक्या मापाने कापून बसवलेली दोरी काही महिन्यांत मापाबाहेर जाणार हे ठरलेलेच होते, आणि ज्या कारागिरांनी या दोषाचा विचार केला त्यांनी दोरीची लांबी बदलण्याऐवजी खालच्या कप्पीची जागा बदलता येईल अशी सोय केली.

या सोयीचे एकोणिसाव्या शतकात रूढ झालेले रूप म्हणजे दात्यांची पट्टी. खिडकीच्या चौकटीवर पितळेची उभी पट्टी स्क्रूने बसवलेली असे, तिच्या कडेला करवतीसारखे दाते असत आणि लहान कप्पी धरणारा तुकडा त्या पट्टीवर वरखाली सरकत असे. तुकडा खाली दाबला की दोरी ताणली जाई आणि दोरीच्याच ओढीने तो जवळच्या दात्यात अडकून बसे. म्हणजे जो ताण निर्माण करायचा त्याच ताणाने कुलूप लागत असे, वेगळा खिळा किंवा खिट्टी लागत नसे. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने त्या काळात पडद्यांच्या जोडण्यांसाठी अनेक एकस्वे, म्हणजे शोधावरील मर्यादित मुदतीचे हक्क, दिली. दात्यांच्या पट्टीची मर्यादा अशी की ती हाताने लावावी लागते. कोरड्या दिवसात ती कसून ताणली आणि नंतर दमट हवेत दोरी आखडली, तर चौकटीतील स्क्रूवर ताण येतो.

स्प्रिंगच्या ताणकाने ही उणीव भरून काढली. यात कप्पी स्प्रिंगला टांगलेली असल्याने दोरी लांबली की स्प्रिंग तिला आपोआप ओढून घेते व दोरी आखडली की तेवढीच सैल सोडते. तिसरा मार्ग वजनाचा आहे: फेऱ्याच्या तळाशी जड कप्पी नुसती लटकवली, तर दोरीची लांबी कितीही बदलली तरी ताण कायम राहतो. केवळ यांत्रिक दृष्टीने पाहिले तर हा तिसरा मार्ग तिघांत सर्वांत सुबक ठरतो, कारण स्प्रिंगचा ताण तिच्या वाढीनुसार बदलतो आणि वजनाचा मात्र बदलत नाही. पण ही सुबकता फसवी आहे. लटकते वजन भिंतीला बांधलेले नसल्यामुळे ते कोणालाही उचलता येते, आणि ते उचलताच दोरीचा फेरा मोकळा होतो. या फरकाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

दोरीच नको, असा विचारही त्याच काळात पुढे आला. अमेरिकेतील स्ट्युअर्ट हार्ट्सहॉर्न यांनी 1864 साली स्वयंचलित गुंडाळीच्या दांड्याचे एकस्व मिळवले; त्यांच्या दांड्याच्या पोटात स्प्रिंग होती आणि टोकाला लहान अडसर होते. दांडा हळू फिरत असता हे अडसर आपल्या वजनाने खाचेत पडून पडदा जागीच थांबतो, आणि हलका झटका देऊन पडदा सोडला की दांडा इतक्या वेगाने फिरतो की अडसर बाहेरच्या बाजूस फेकले जाऊन खाचेत शिरत नाहीत. गुरुत्वाकर्षण आणि फिरण्याचा वेग या दोहोंच्या तोलावर उभी असलेली ही रचना आजही विचार करायला लावते. या उद्योगाच्या बळावर हार्ट्सहॉर्न यांनी 1877 पासून न्यू जर्सी राज्यात शॉर्ट हिल्स ही आखीव वसाहत वसवली. तरीही दोरी गेली नाही. उंच खिडकीवरचा पडदा हाताच्या टप्प्यात नसतो, मोठ्या व जड पडद्याला दोरीचा फेरा स्वस्तात पेलतो.

विसाव्या शतकात दोरीची जागा बऱ्याच अंशी मण्यांच्या साखळीने घेतली. ठरावीक अंतरावर मणी असलेली ही साखळी खळगे असलेल्या चाकावर बसते आणि प्रत्येक मणी आपापल्या खळग्यात अडकतो, म्हणून येथे घसरण्याचा प्रश्नच उरत नाही व पडदा चालण्यासाठी ताणाची गरजही नाहीशी होते. यंत्राच्या दृष्टीने ताणक अनावश्यक झाला तो असा. नेमक्या याच टप्प्यावर त्याचे दुसरे, कितीतरी गंभीर कार्य सुरू होते, कारण ताण नसलेली साखळी किंवा दोरी म्हणजे लहान मुलाच्या उंचीवर लोंबणारा एक उघडा फास असतो.

या धोक्याबद्दल मवाळ भाषा वापरणे योग्य ठरणार नाही. एक ते चार वर्षांचे मूल पलंगावर, सोफ्यावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर चढते, फेऱ्यात डोके घालते आणि पाय घसरला की स्वतःच्या वजनाने त्यात अडकते. या वयात शरीराच्या मानाने डोके जड असते, श्वासनलिका मऊ असते आणि गळा आवळला गेल्यामुळे ओरडता येत नाही. सगळे काही क्षणांत, आवाज न होता घडते, आणि शेजारच्या खोलीतील आईवडिलांना ते कळतही नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात 1997 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार 1981 ते 1995 या काळात त्या देशात खिडकीच्या दोऱ्यांमुळे गळा आवळून झालेल्या 183 बालमृत्यूंची नोंद होती, त्यांतील बहुतेक मुले तीन वर्षांची किंवा त्याहून लहान होती, आणि नोंदीतून सुटलेल्या घटना धरल्यास खरा आकडा जवळपास दुप्पट असावा असा अभ्यासकांचा अंदाज होता.

अशा आकड्यांनंतर ताणकाविषयीचे नियम आले, आणि ते वाचताना हे साधन किती बारकाईने तपासले जाते ते ध्यानात येते. ऑस्ट्रेलियाच्या नियमानुसार दोरीचा मार्गदर्शक, म्हणजे तिला भिंतीशी धरून ठेवणारा भाग, कोणत्याही दिशेने 70 न्यूटन, म्हणजे सुमारे सात किलो वजनाइतका, जोर दहा सेकंद दिला तरी निखळता कामा नये, आणि मोकळा फेरा जमिनीपासून 1.6 मीटरच्या खाली येता कामा नये. युरोपच्या मानकात हे अंतर 1.5 मीटर आहे. कॅनडाने त्याहून कडक भूमिका घेतली: तेथे 2021 पासून अंमलात आलेल्या नियमांनी हाताला लागणारी दोरी 22 सेंटिमीटरहून लांब नसावी आणि तिचा फेरा 44 सेंटिमीटरहून मोठा होऊ नये असे ठरवले. अमेरिकेच्या मानकाने डिसेंबर 2018 पासून दुकानात तयार मिळणाऱ्या पडद्यांतून मोकळ्या लांब दोऱ्या जवळजवळ हद्दपार केल्या.

ताणकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. पट्ट्यांच्या पडद्यात, म्हणजे व्हेनेशियन ब्लाइंडमध्ये, पट्ट्यांच्या मधून उचलण्याची दोरी जाते आणि ती दोन पट्ट्यांमधून ओढून फास करता येतो. घड्यांच्या पडद्यात अशीच दोरी कापडाच्या मागे असते. या आतल्या दोऱ्यांपुढे भिंतीवरचा ताणक निरुपयोगी आहे. अमेरिकेत 2000 साली सुमारे 8.5 कोटी आडव्या पट्ट्यांचे पडदे आणि 2009 साली सुमारे 5 कोटी घड्यांचे व गुंडाळीचे पडदे दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा करावी लागली. म्हणून नवा पडदा घ्यायचा असेल, तर बिनदोरीचा किंवा स्प्रिंगचा घ्यावा, हाच सर्वांत सुरक्षित पर्याय होय.

परंतु घरोघरी लागलेले पडदे एका दिवसात बदलणार नाहीत, आणि मुंबई-पुण्यापासून नागपूर-पणजीपर्यंतच्या नव्या सदनिकांत मणीसाखळीचे रोलर ब्लाइंड आता रूढ झाले आहेत. त्यांतील कित्येक साखळ्या कोणत्याही आधाराविना जमिनीपर्यंत लोंबताना दिसतात; भाड्याच्या घरात भिंतीला भोक नको म्हणून किंवा बसवणाऱ्याच्या घाईमुळे साखळीच्या तळाचा प्लॅस्टिकचा ताणक भिंतीला लावलाच जात नाही. न लावलेला ताणक हा वर सांगितलेल्या लटकत्या वजनासारखाच, मुलाच्या हातांनी उचलला जाणारा तुकडा असतो. दुतोंडी चिकटपट्टीनेही भागत नाही, कारण ती आडव्या ओढीला टिकत नाही. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत भोक पाडून, प्लग ठोकून स्क्रूनेच तो बसवावा लागतो, आणि तोही साखळी दोन्ही बाजूंनी सरळ ताणली जाईल इतका खाली.

पडदा बसवून घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने कारागीर घरातून जाण्यापूर्वी साखळीत आपला हात घालून पाहावा आणि ती भिंतीपासून दूर ओढली जात असेल, तर ताणक पुन्हा बसवून घ्यावा. ज्या घरात लहान मूल आहे किंवा पाहुणे म्हणून येते, तेथे पलंग, पाळणा आणि खुर्ची आजच खिडकीपासून दूर सरकवावी.