शाळेच्या अंगणातून हरवलेली भट्टी

नागपूरजवळच्या नायकुंड येथे 1978 ते 1980 या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. सुमारे 2,700 वर्षांपूर्वी ज्यांनी मातीच्या नळीतून भात्याची हवा कोळशाच्या पोटात सोडली, त्यांच्यापाशी अक्षरे नव्हती; सगळी विद्या हातातून हातात गेली.

पुढे अक्षरे आली, पण ती दुसऱ्याच घरात. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त मेणाचा साचा करून मूर्ती ओतण्याचा विधी लिहिला, नंतरच्या ‘रसरत्नसमुच्चया’त मुशींचे आणि कोष्ठींचे, म्हणजे भट्ट्यांचे, प्रकार सविस्तर नोंदले गेले, परंतु मूस पेलणाऱ्या ओताऱ्याला संस्कृत शिकवावे, किंवा संस्कृत जाणणाऱ्याने भात्यापाशी बसावे, असे जातीत वाटल्या गेलेल्या त्या समाजाला कधी वाटले नाही, आणि माझ्या मते आपल्या धातुविद्येचा खरा ऱ्हास परकीय सत्तेच्या कितीतरी आधी इथेच सुरू झाला.

1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलात कोळसा पाडणे गुन्हा ठरवले, विलायती लोखंड स्वस्त झाले, आणि व्हेरियर एल्विन यांनी 1942 मध्ये मध्य भारतातील लोखंड गाळणाऱ्या अगरिया जमातीवर ग्रंथ लिहिला तेव्हा पायांनी भाता चालवणाऱ्या त्या भट्ट्या विझत आल्या होत्या. शाळेनेही ही विद्या उचलली नाही. 1937 च्या वर्धा शिक्षण योजनेने हस्तव्यवसाय शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणला खरा, पण भर सूतकताई, सुतारकाम आणि शेतीवर राहिला. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडे पाठवायचे ठरवले. तिथेही नमुन्यादाखल सुतार, माळी, कुंभार आहेत, ओतारी नाही.

वास्तविक पत्र्याची जुनी बादली, आत अग्निमातीचा चार बोटे जाड लेप, तळाशी हवेची नळी आणि हाताने फिरवायचा पंखा एवढ्यावर शिकण्यापुरती भट्टी उभी राहते. नुसता पेटलेला कोळसा लाल धगधगतो. पंखा फिरू लागला की तीच धग पिवळी, मग पांढरट होते, 660 अंशांना ॲल्युमिनियम वितळते, आणि ज्वलनात हवेचे काम काय हे मुलांना फळ्यावर लिहून सांगावे लागत नाही. तांब्याला 1,085 अंश लागतात. तो टप्पा पुढच्या वर्षीचा. लेप घाईने तापवला तर तडकतो. ओल्या साच्यात रस पडला तर पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू उसळतो, म्हणून साचा पूर्ण कोरडा हवा. कोळशाचा विषारी वायू साचू नये म्हणून भट्टी अंगणातच हवी.

सलग दहा दिवसांत हे बसणार नाही. लेप वाळायलाच आठवडा जातो. ते दिवस वर्षभर विखरावेत, आणि गावात ओतारी उरला असेल तर त्याला मानधन देऊन, गुरुजी म्हणून, बोलवावे.